पहिला गोटा कोणाचा?

रविवारची शाळा घेणाऱ्या बाईला किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. ते आपणहून पर्समध्ये येऊन बसतात. दर रविवारी दुपारी सौंसरला घरी परतले की मी पर्स पलंगावर उलटी करते. क्रेयॉनचे तुकडे पडतात, संत्र्याच्या बिया पडतात, कोणाचा तरी तुटका हेअरबँड पडतो आणि एखादा किस्साही पडतोच. नवरा म्हणतो, "जे काय झालं ते जेवायच्या आधी सांग. जेवताना सांगितलंस की मला ठसका लागतो."

तर आधी आमची मंडळी सांगते. सोमवार ते शनिवार मी सौंसरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवते. रविवारी पहाटेच्या बसने पांढुर्ण्याला सासरी जाते, सासूबाईंच्या हातचा चहा पिते आणि चर्चमागच्या हॉलमध्ये मुलांना येशूच्या गोष्टी सांगते. जोडीला डॅनियल काका असतात. रेल्वेतून रिटायर झालेले, ढोलक वाजवतात, आणि मी अडकले की मला सोडवतात.

मुलं बहुतेक आमच्याच मंडळीतल्या घरांतली. अपवाद गोलूचा. त्याचं घर हॉलला लागूनच आहे. त्याची आजी शेळ्या पाळते, रोज मारुतीला दिवा लावते, आणि दर रविवारी नातवाला घेऊन मागच्या सतरंजीवर येऊन बसते. "पोरगं काही चांगलं ऐकून राहिलं तं ऐकू द्या," असं तिचं म्हणणं. ऐकते मात्र तीच जास्त.

गणिताच्या वर्गात मुलं मला घाबरतात. रविवारी मी मुलांना घाबरते.

*

अगदी सुरुवातीचा किस्सा. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची होती. मी खऱ्या कापसाची मेंढरं चिकटवून झकास चार्ट केला. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ बाकीची तिथेच सोडून त्याला शोधायला जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन आनंदाने परत येतो. आवाज चढवून, उतरवून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं आणि विचारलं, "तर मग तो मेंढपाळ कसा होता?"

'प्रेमळ' हे उत्तर यायला हवं होतं. गोलूने हात वर केला.

"टीचर, बाकीचे नव्व्याण्णव त्यानं कुठं सोडले?"

"रानात."

"रानात म्हणजे कोणाच्या? जवळपास संत्र्याचा बगीचा होता का?"

झालं. सगळ्या वर्गाला त्या नव्व्याण्णवांची काळजी लागली. आमच्या भागात शेळ्या बगीच्यात शिरल्या की मालक काठी घेऊन येतो आणि ते भांडण पुढच्या बहारापर्यंत चालतं, हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. मागून आजीने विचारलं, "राखाले दुसरं कोणी नव्हतं का त्याच्यापाशी?" मी चार्टकडे पाहिलं. चार्टवर दुसरं कोणीच नव्हतं.

डॅनियल काका ढोलक बाजूला ठेवून म्हणाले, "आजी, कळपात असतात ते एकमेकांना धरून राहतात. एकटं जातं त्याचीच काळजी करावी लागते." आजीने जरा विचार केला. "हे बराबर आहे. आमची काळी तशीच आहे."

पुढच्या रविवारी गोलू एकटाच आला. मी विचारलं, "आजी कुठे आहे रे?"

"काळी हरवली न टीचर. आजी बाकीच्या सोडून तिले शोधाले गेली. तुम्ही सांगतलं होतं तसंच."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्यांदाच माझी गोष्ट कोणाच्या तरी घरापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, "शाबास! आणि मग बाकीच्या कुठे आहेत?"

"ह्या काय, दारातच बांधल्या. आजी म्हणे, टीचरले सांग पाहून राहा म्हणा."

*

पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट सांगणं सगळ्यात सोपं, असा माझा समज होता. एका मुलाचा डबा, पाच हजार माणसं, सगळे पोटभर जेवतात. मुलांना जेवणाच्या गोष्टी आवडतातच.

इथे रूथची ओळख करून द्यायला हवी. रूथ चौथीत आहे. दोन घट्ट वेण्या, आणि सगळं नियमाने झालं पाहिजे असा स्वभाव. प्रार्थनेच्या वेळी कोणाचे डोळे उघडे आहेत हे ती सांगते. ते तिला कसं दिसतं, हे मी विचारत नाही.

रूथचा पहिला प्रश्न, "त्या पोरानं डबा देण्याआधी मम्मीला विचारलं होतं का?" मी म्हटलं, गोष्टीत तसं काही सांगितलेलं नाही. रूथने मान हलवली. तिच्या लेखी मुलगा तिथेच संपला.

मग गोलूचा प्रश्न. "टीचर, पंगत बसली होती का बुफे होता?"

मी हसणार होते, पण डॅनियल काका जागेवरून उठलेच. "पंगत! सगळ्यांना गवतावर रांगेने बसवलं होतं, आणि वाढायला बारा शिष्य." मग काय विचारता! जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात भंडारा जेवून आलेली पोरं ती. पत्रावळी कोणी दिल्या, पाणी कोण वाढत होतं, पाच हजारांत शेवटच्या पंगतीला भाजी पुरली का, प्रश्नांवर प्रश्न. काकांनी मुलांची पंगतच बसवली आणि बिस्किटांची ताटली घेऊन वाढायला लागले. आजीने मागून सूचना केली, "आधी लहान्याईले वाढा."

शेवटी मी विचारलं, "सगळे जेवल्यावर बारा टोपल्या कशा काय उरल्या असतील?" मला चमत्कार हे उत्तर हवं होतं.

आजी म्हणाली, "बारा वाढपी होते म्हणता न? मंग बराबर आहे. ते जेवाचे राहिले होते. त्याईचं काढून ठेवलं त्यानं."

इतकी वर्षं मी ही गोष्ट ऐकत आलेय. वाढणारे जेवले की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवशी बसमध्ये मी सौंसरपर्यंत तोच विचार करत होते.

*

नाताळच्या नाटकाचा किस्सा तर अख्ख्या पांढुर्ण्याला माहीत आहे.

रूथ मरिया झाली होती आणि बाळ म्हणून एक मोठी प्लास्टिकची बाहुली होती. हॉल खच्चून भरलेला. मेंढपाळ आले, देवदूत आले, पूर्वेकडचे तीन ज्ञानी, म्हणजे मागी लोक, आले. गोलू तिसरा मागी. बाळाला भेट द्यायची त्याची बोळाची, म्हणजे सुगंधी डिंकाची, डबी ऐन वेळी कुठेतरी गेली, म्हणून तो संत्र्यांची पिशवी घेऊन आला आणि बाळासमोर ठेवून म्हणाला, "बगीच्यातले आहेत, गोड निघतीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यामागे कपाळाला हात लावून उभी.

तेवढ्यात गोलूची आजी उठली. पदर सावरत, लोकांना बाजूला करत सरळ स्टेजवर आली. मला वाटलं नातवाला घ्यायला आली. तिने आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि बाहुलीच्या गालाला तीट लावली. मग रूथला म्हणाली, "इतके लोक पाहून राहिले बाळाले. आईनं ध्यान ठेवावं लागते."

रूथने मान खाली घातली. नियम मोडला होता ना तिच्याकडून!

डॅनियल काका हेरोद राजा झाले होते, बाळाच्या जिवावर उठलेला. राजाचा मुकुट घालूनच ते पुढे आले आणि म्हणाले, "आजी, नजर तर लागलीच होती त्याला. माझीच."

आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग? मी काय म्हणून राहिली?"

तेव्हापासून आमच्या नाटकात तीट आहे. ती लावायला आजीलाच बोलावतो.

*

आता जरा वेगळं सांगते. 'शत्रूवर प्रेम करा' हा त्या दिवशीचा धडा होता. मी विचारलं, "तुमचे शत्रू कोण?"

वर्गाने एका आवाजात उत्तर दिलं, "सावरगाववाले."

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दोन्हीकडची माणसं एकमेकांवर गोटे मारतात. नदीच्या मध्ये पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावर झेंडा. ही आमची गोटमार. कधीपासून चालू आहे ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी धर्म, जात, नोकरी सगळं बाजूला राहतं. माणूस एक तर इकडचा, नाही तर तिकडचा. दुसऱ्या दिवशी परत तेच लोक एकमेकांच्या दुकानात चहा पितात. डोकी मात्र फुटलेली असतात.

सगळा वर्ग हसत होता. रूथ हसत नव्हती. तिने विचारलं, "टीचर, मामा शत्रू असतो का?"

रूथची आई सावरगावची. वडील, म्हणजे प्रकाशभाऊ, पांढुर्ण्याचे. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. वयात आल्यापासून एकही गोटमार चुकवली नाही. मामा विनोद, तोही तिकडच्या काठावर दरवर्षी. गेल्या गोटमारीत विनोदच्या डोक्याला टाके पडले. गोटा कोणाचा होता हे देवालाच माहीत. पण विनोद तेव्हापासून बहिणीच्या घरी आला नाही, आणि प्रकाशभाऊंनीही फोन केला नाही. राखीला रूथची आई एकटी पूल ओलांडून जाऊन आली.

"मामा शत्रू नसतो," मी म्हटलं.

"मग पप्पा यंदा जाऊन नाही राहिले न?"

हे मला विचारत होती ती. जणू मी होमवर्कसारखं तिच्या वडिलांनाही काही सांगू शकते. मला गलबलून आलं.

*

मध्येच एक हसण्यासारखं. येशू शिष्यांचे पाय धुतो, ती गोष्ट. डॅनियल काका म्हणाले, सांगू नका, करून दाखवू. घमेलं आणलं, कोमट पाणी, टॉवेल. काका गुडघ्यावर बसले आणि एकेका मुलाचे पाय धुवायला लागले. हॉलमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नाही. माझे डोळे भरून आले.

गोलूची पाळी आली. तो खुर्चीवर ताठ बसला, पाय धुवून घेतले आणि हात पुढे करून थांबला.

"काय रे?" काका म्हणाले.

"टॉवेल-टोपी नाही देत का? जवायाचे पाय धुतल्यावर देतात न."

सगळे इतके हसले की घमेलं लवंडलं. लग्नाच्या अल्बमवर विषय गेला, कोणाच्या बाबांचे पाय कोणी धुतले यावर वाद सुरू झाला. त्या गोंधळात रूथ म्हणाली, "माझ्या पप्पांचे मामानंच धुतले होते. फोटो आहे आमच्याकडे. पप्पा हसून राहिले त्याच्यात, अन् मामाच्या शर्टावर सगळं पाणी."

काकांनी तिचे पाय जरा जास्तच वेळ पुसले.

*

पोळ्याच्या आधीचा रविवार. धडा मीच निवडला, मुद्दाम. ज्या बाईला लोक दगड मारायला निघाले होते तिचा. चर्चचं कुंपण बांधायला आणलेल्या गिट्टीतून मी प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा दिला. कल्पना अशी, की गोष्टीच्या शेवटी सगळ्यांनी तो खाली टाकायचा. एका पुस्तिकेत वाचलं होतं. ती पुस्तिका लिहिणारा माणूस पांढुर्ण्याला आलेला नसणार!

गोलूने तुकडा तळहातावर तोलला. "टीचर, ही गिट्टी आहे. हिचा नेम नाही लागत. नदीतला गोल गोटा पाहिजे."

दुसरा म्हणाला, "एवढी लहान तर अर्ध्या नदीतच पडन."

मग गोफण बरी की हात बरा, यावर चर्चा. मी टेबल वाजवलं तेव्हा कुठे गोष्ट सुरू झाली. लोक बाईला ओढत आणतात, म्हणतात हिने चूक केली, हिला दगड मारा.

"कोणत्या बाजूचे लोक?" गोलूने विचारलं.

"सगळे एकाच बाजूचे."

"अन् त्या बाजूला?"

"ती एकटी."

मग गोलू म्हणाला, "ही तं चीटिंग आहे. गोटमारीत तरी दोन्हीकडून मारतात."

मी पुढे सांगितलं. ज्याने आयुष्यात कधीच चूक केली नाही त्याने पहिला दगड मारावा, असं येशू म्हणतो. एकेक जण दगड टाकून निघून जातो. आधी म्हातारे, मग तरुण. माझं बोलणं संपलं आणि मुलांच्या हातातून गिट्टी पडायला लागली. टक, टक.

रूथने मात्र टाकली नाही. "टीचर, त्यानं पहिल्याचंच सांगितलं न? दुसरा मारायचा का नाही, ते?"

"पहिलाच पडला नाही, तर दुसरा येणार कुठून?"

तिने बराच विचार केला. मग तुकडा खाली ठेवला, टाकला नाही.

*

पोळा झाला. गोटमारीच्या दिवशी मी सासरीच होते. नदीकडचा गलका घरात ऐकू येत होता. सासूबाईंनी सकाळपासून खिडक्या लावून घेतल्या होत्या. एवढ्यात रूथच्या आईचा फोन. "टीचर, जरा येता का? रूथ दारातून उठूनच नाही राहिली."

मी गेले. प्रकाशभाऊ डोक्याला दुपट्टा बांधून घरात उभे, आणि रूथ उंबरठ्यावर आडवे पाय पसरून बसलेली. मला पाहून प्रकाशभाऊ म्हणाले, "या टीचर. हेच शिकवून राहिल्या का तुम्ही रविवारी?"

मी म्हटलं, "मी पाय पसरायला नव्हतं शिकवलं."

"पप्पा, तुम्ही पहिला गोटा नका मारू," रूथ म्हणाली. "नियम आहे."

"अवं बाई, पहिला तं केव्हाचाच मारून टाकला असन कोणीतरी."

"कोणं?"

"मले काय माहीत?"

"मग विचारा. ज्यानं मारला त्यानं कधीच काही गलत नाही केलं का, हे विचारा. तो 'नाही केलं' म्हणला तर तुम्ही जा."

प्रकाशभाऊ हसले. तो माणूस पोरीवर रागावू शकत नाही, हे मी पाहत होते. पण दुपट्टाही सोडत नव्हते. म्हणाले, "रूथ, हे भांडण नाही बेटा. माह्या बापानं मारले, त्याच्या बापानं मारले. नाही गेलो तं लोक काय म्हणतीन? कोणाले विचारू मी तिथं?"

"मामाले विचारा. त्या बाजूनं कोणं मारला ते मामाले माहीत असन."

रूथची आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाशी. वर्षभर त्या घरातून विनोदच्या नंबरवर बोलायची ती तीच. प्रकाशभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा उंबरठ्याकडे. मग खिशातून मोबाईल काढला. "घे, विचारतो. मंग उठशीन न?"

"स्पीकरवर लावा," रूथ म्हणाली.

दोन रिंगमध्ये फोन उचलला गेला. पलीकडून आवाज आला, "हां, भाऊजी."

प्रकाशभाऊंचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. घसा साफ करून म्हणाले, "विनोद, यंदा पहिला गोटा कोणं मारला रे?"

"मले काय माहीत जी. मी तं घरीच आहो."

"घरी? तू? कायले?"

"सकाळीच रूथचा फोन आला होता न. म्हणे, मामा, पप्पा यंदा येऊन नाही राहिले. मंग म्हटलं, भाऊजीच नाही येऊन राहिले तं मी तरी कायले जाऊ?"

प्रकाशभाऊंनी रूथकडे पाहिलं. रूथ आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रविवारच्या शाळेची टीचर, मी छताकडे पाहिलं.

"भाऊजी? आहा न लायनीवर?"

प्रकाशभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"हो," ते म्हणाले. "नाही येऊन राहिलो. तेच सांगाले फोन केला."